बटणांची वतने खालसा

ज्या वस्तूला हात कोठे लावावा हे पाहताक्षणी कळते ती वस्तू स्वस्त, आणि जिच्याभोवती चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाने दोन प्रदक्षिणा घातल्या तरी तिचे तोंड कोणते व पाठ कोणती याचा उलगडा होत नाही ती वस्तू उंची, असा एक दंडक अलीकडे सर्व सुधारलेल्या जगात रूढ झालेला दिसतो. दाराला मूठ नसावी, नळाला चावी नसावी, दिव्याला खटका नसावा, आणि नाइलाजाने यांपैकी काही ठेवावेच लागले तर त्याचा चारचौघांत बभ्रा होणार नाही अशी तजवीज करावी. नव्या थाटाच्या हॉटेलात उतरलेला पाहुणा रात्री अकरा वाजता उशाजवळच्या काळ्याभोर काचेच्या पट्टीवर बोटे फिरवीत अंथरुणात बसलेला असतो, आणि दर स्पर्शागणिक कधी पडदे सरकतात, कधी न्हाणीघर उजळते, कधी दाराबाहेर 'कृपया त्रास देऊ नये' अशी पाटी पेटते. पण ज्या एका दिव्यापायी त्या गृहस्थाचा डोळा लागत नाही तो दिवा मात्र काही केल्या विझत नाही. शेवटी तो तोंडावर पांघरूण घेऊन झोपतो, आणि सकाळी हिशेब चुकता करताना व्यवस्थापकाने विचारले की खोली कशी वाटली, तर 'फार आधुनिक' असे म्हणतो. आपल्याला दिवा मालवता आला नाही, हे कबूल करण्याचे धैर्य द्विपदवीधराच्या अंगी कोठून असणार?

फार दूरच्या काळातील नव्हे, पण वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक यंत्रावर बटणांची एक छोटेखानी वतनदारी सुखाने नांदत असे. आवाजाची फिरकी एका अंगाला, स्टेशने बदलण्याची दुसऱ्या अंगाला, दिव्याची कळ खाली आणि पाणी पुसणाऱ्या काट्यांची दांडी सुकाणूच्या मागे, अशी प्रत्येकाची जागा, प्रत्येकाची हद्द आणि प्रत्येकाचे काम पिढ्यान्पिढ्या ठरलेले होते. या वतनदारांना आपल्या हद्दीपलीकडचे काडीइतकेही कळत नसे, हे खरे. पण हद्दीतल्या कामासाठी त्यांना कोणाची मंजुरी आणावी लागत नसे, आणि काळोख्या रात्री नुसता हात पुढे केला तरी ते आपल्या जागी हजर असत. मग काचेच्या पडद्याची हुजूर कचेरी उभी राहिली, आणि एका फर्मानासरशी ही सारी वतने खालसा झाली. आता काम तेच, पण त्यासाठी प्रथम हुजुरास जागे करावयाचे, मग योग्य त्या दप्तरात शिरावयाचे, त्या दप्तरातील पोटदप्तर हुडकावयाचे, आणि तेथे आपला अर्ज दाखल करून तो मंजूर झाला की नाही हे डोळ्यांनी पाहून घ्यावयाचे. मुंबई सरकारने १९५० साली कायदा करून परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली, तेव्हा वतनदार रयतेला नाडतात असा सबळ पुकारा तरी झालेला होता. मोटारीतील वायपरच्या दांडीने कोणाकडून पानसुपारी उकळल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

या क्रांतीचा उगम शोधू गेल्यास तो जानेवारी २००७ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे सापडतो. स्टीव्ह जॉब्स यांनी तेथील रंगमंचावर पहिला आयफोन दाखविताना त्या काळच्या फोनांवरील अक्षरांच्या पक्क्या कळांवर कडक आक्षेप घेतला होता, आणि तो असा, की या कळा गरज असो वा नसो, कायम आपल्या जागी ठाण मांडून बसतात, आणि उद्या नवी कल्पना सुचली तर त्यांना हलविता येत नाही. फोनापुरता हा युक्तिवाद बिनतोड होता हे मान्य केलेच पाहिजे, कारण फोनाकडे मनुष्य पाहतच असतो. किंबहुना तो दुसरे काही पाहतच नाही. परंतु थोरांच्या मुखातून एका मुकदम्यात निघालेला निवाडा पुढे वाटेल त्या मुकदम्याला लावला जातो, तशातला हा प्रकार झाला. कायम जागी ठाण मांडून बसणे हा फोनाच्या कळेचा दोष ठरला म्हणून तो मोटारीच्या ब्रेकचाही दोष ठरावा, अशी वेळ अद्याप आलेली नाही, एवढे आपले नशीब. २०१२ मध्ये टेस्लाने आपल्या मॉडेल एस या गाडीत १७ इंचांचा पडदा उभा केला, आणि तो पाहून इतर कारखानदारांना आपल्या गाड्यांतील बटणांची एकाएकी लाज वाटू लागली.

अर्थात लाजेबरोबर जमाखर्चही होताच. प्रत्येक बटण म्हणजे एक साचा, एक स्प्रिंग, एक तार, ते बसविणारा एक कामगार, आणि ते जिल्हे-परगण्यांच्या मानाने वेगवेगळ्या भाषांत छापण्याची यातायात. उलट पडदा एकदा बसविला की त्यावर वाटेल तितकी बटणे विनामूल्य रंगविता येतात, आणि एखादे रंगवावयाचे राहून गेलेच तर गाडी विकल्यानंतर वर्षभराने रात्री बिनतारी मार्गाने पाठवून देता येते. काटकसर आणि सौंदर्यदृष्टी यांचा संसार इतका गोडीगुलाबीने चाललेला इतरत्र क्वचितच आढळेल. कारखानदाराने दहा पैसे वाचविले की ती काटकसर, आणि त्याच दहा पैशांना सुबक नाव देऊन ते गिऱ्हाइकाकडून दुपटीने वसूल केले की ती मिनिमलिझम.

या सौंदर्याची किंमत मीटरांत मोजण्याचा अरसिकपणा स्वीडनमधील 'व्ही बिलेगारे' या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये केला. त्यांनी एका ओसाड धावपट्टीवर अकरा नव्या मोटारी आणि त्यांच्या जोडीला २००५ सालची, बटणांनी खच्चून भरलेली, एक जुनी व्होल्व्हो व्ही ७० नेली, आणि ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवीत चालकाला काही अगदी मामुली कामे करावयास सांगितली: ऊब वाढविणे, रेडिओ लावून ठरावीक स्टेशन आणणे, फेरीचा हिशेब शून्यावर नेणे, समोरचा उजेड मंद करणे, अशी. चालकांना गाड्यांशी ओळख करून घेण्यास आधी अवधीही दिलेला होता, म्हणजे नवखेपणाची सबब कोणाला सांगता येऊ नये. जुन्या व्होल्व्होत ही सर्व कामे १० सेकंदांत उरकली व तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. एमजी मार्व्हल आर या नव्या गाडीत त्याच कामांना ४४.६ सेकंद लागले, आणि चालकाने मान वर करून पुन्हा नीट रस्त्याकडे पाहिले तेव्हा गाडी १,३७२ मीटर पुढे आलेली होती. पुण्याच्या माणसाला हे अंतर डोळ्यांपुढे आणावयाचे तर अलका टॉकीजच्या चौकातून लक्ष्मी रस्त्यात शिरलेल्या मोटारवाल्याने डोके खाली घालून जे रेडिओ शोधावयास घेतले, ते सिटी पोस्टाच्या आसपास येईतो वर काढलेच नाही, असे समजावे. लक्ष्मी रस्त्यावर ताशी ११० चा वेग कधी काळी शक्य झालाच, तर त्या दिवशी शहराला सार्वजनिक सुट्टी असणार हे उघड आहे. पण हिशेब तो हिशेब.

याच्याही पुढची पायरी फोक्सवॅगनने २०१९ च्या सुमारास आणलेल्या आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये गाठली. तीत आवाज आणि ऊब कमीजास्त करण्यासाठी फिरक्यांच्या जागी बोट सरकविण्याच्या गुळगुळीत पट्ट्या होत्या, आणि त्या पट्ट्यांमागे दिवा ठेवलेला नव्हता. म्हणजे दिवसा त्या डोळ्यांनी पाहून शोधावयाच्या आणि रात्री श्रद्धेने. दाबल्याची खूण बोटाला पटत नाही आणि असल्याची खूण डोळ्याला पटत नाही, असे निर्गुण निराकार यंत्र घडविण्यासाठी शेकडो अभियंत्यांनी कित्येक वर्षे खपावे, आणि त्यांच्यातील एकानेही संध्याकाळी कारखान्यातून घरी जाताना त्या गाडीत बसून पाहू नये, हे मला त्या यंत्रापेक्षाही मोठे आश्चर्य वाटते.

जर्मनीतील कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयापुढे २०२० मध्ये या प्रकाराची एक विलक्षण फिर्याद आली. भर पावसात टेस्ला चालविणाऱ्या एका गृहस्थाला वायपरांची चाल बदलावयाची होती. ती सोय पडद्यात होती. तो पडद्यात पाहत असता गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. न्यायालयाने असा निवाडा दिला, की पडदा गाडीतच जडविलेला असला आणि त्यावर करावयाचे काम गाडीचेच असले, तरी चालताना त्यात डोके घालणे हे फोन पाहण्यासारखेच बेकायदा होय. आणि चालकाला २०० युरो दंड व एक महिना गाडी न चालविण्याची शिक्षा कायम केली. न्याय अगदी चोख आहे. फक्त पाऊस आला असता समोरचे दिसावे म्हणून जी सोय, ती वापरण्यासाठी समोर पाहणे सोडावे लागते, आणि ते सोडले तर दंड होतो, अशा तिढ्यात सापडलेल्या मनुष्याने करावे काय, याचा खुलासा निकालपत्रात शोधण्यापेक्षा पावसाळाभर एसटीने जावे हे बरे.

येथे थोडे थांबून एका अशा प्रकरणाचा उल्लेख करणे भाग आहे, की ज्याच्यात हसण्याजोगे काहीच नाही. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकेच्या आरमारातील 'जॉन एस. मॅकेन' या विनाशिकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन दहा खलाशी मृत्युमुखी पडले. चौकशीत जी कारणे निघाली त्यांत थकवा आणि अपुरे शिक्षण यांच्या बरोबरीने सुकाणूचा स्पर्शपडदाही होता. एका जागेवरचे नियंत्रण दुसऱ्या जागेवर नेताना नेमके काय कोठे गेले याचा खलाशांना मेळ लागला नाही, आणि दोन पंख्यांची गती एकदम कमी करावयाची असता पडद्यावर ती दोन्ही एकमेकांशी जोडलेली नसल्यामुळे एकाचीच कमी झाली व जहाज वळले. जुन्या पद्धतीच्या दोन दांड्या शेजारी शेजारी असत्या तर एक पुढे व एक मागे राहिल्याचे तळहातालाच समजले असते. २०१९ मध्ये आरमाराने या विनाशिकांवर पुन्हा दांड्या बसविण्याचे ठरविले.

आता आपल्या घरात येऊ. कारण हुजूर कचेरीचा अंमल स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. आमच्या ओट्यावर इंडक्शनची एक शेगडी आहे, तिचा वरचा भाग आरशासारखा सपाट असून तिची सर्व बटणे म्हणजे काचेखालच्या लाल खुणा आहेत. या खुणांना बोटाची विद्युत्शक्ती कळते, पण स्वयंपाक कळत नाही. स्वयंपाक करणाऱ्या मनुष्याचा हात हा एक तर ओला असतो, नाही तर कणकेने माखलेला असतो, नाही तर तेलाचा असतो, आणि या तीनही अवस्थांत शेगडी त्याला ओळख देत नाही. दुधाचे पातेले ठेवलेले असते. साय थरथरते, कडेने फुगते, मधोमध एक बुडबुडा येतो, आणि आच कमी करण्याची ती जी निर्वाणीची घटका असते त्याच घटकेला दुधाचा पहिला ओघळ खाली येऊन नेमका त्या लाल खुणांवर पसरतो. ओघळ आणि बोट यांत शेगडी भेदभाव करीत नाही. ती एकदम चीत्कार करू लागते, पाटीवर एक इंग्रजी अक्षर व एक आकडा झळकतो, आणि ती स्वसंरक्षणार्थ बंद पडते. पुन्हा चालू करावयाची तर प्रथम फडक्याने काच लख्ख कोरडी करावी लागते, मग कुलपाच्या खुणेवर बोट दाबून धरावे लागते, आणि तोवर दूध तर राहोच, ज्यांच्यासाठी चहा मांडला ते पाहुणेही 'आता उशीर झाला' असे म्हणत चपला शोधू लागतात. पूर्वीच्या गॅसच्या शेगडीची फिरकी कणकेच्या हाताने, कोपराने, प्रसंगी उलथन्याच्या टोकानेही फिरत असे.

शेगडीच्या वर धूर ओढणारी चिमणी आहे. तिला तर स्पर्शही खपत नाही. तिच्यासमोर हात डावीकडून उजवीकडे हलविला की ती वेग वाढविते आणि उजवीकडून डावीकडे हलविला की कमी करते. ज्या कोणी ही योजना आखली त्याने मराठी बाईला ओट्याशी उभी राहून बोलताना कधी पाहिलेले नसावे. फोडणी देत असता शेजारच्या वहिनी दाराशी येऊन सोसायटीच्या पाण्याचा विषय काढतात, आणि मग झाऱ्यासह उजवा हात जसजसा 'त्यांना काय जातंय सांगायला' या चालीवर हवेत फिरू लागतो तसतशी चिमणी घरघरते, थांबते, दिवा लावते, विझविते आणि पुन्हा घरघरते. संभाषणातील जोर चिमणीच्या आवाजावरून दिवाणखान्यात बसल्या बसल्या ओळखता येतो, हा त्यातील फायदा म्हटला पाहिजे.

पंख्याची कथा निराळी, कारण तेथे माझे मन दुभंगलेले आहे. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅटच्या आसपास वीज पुरते, जुन्याला ७५ च्या घरात लागत असे. छताच्या पंख्यांवर तारांकनाची पाटी १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली, हे उत्तमच झाले. भिंतीवरचा तो जुना लोखंडी पेटीवजा रेग्युलेटर पंखा मंद करताना उरलेली वीज स्वतःच्या पोटात जाळून तापत असे, तेव्हा त्याच्या कारभारातही सारे आलबेल होते असे नाही. पण नव्या पंख्याच्या पोटातील यंत्राबरोबर त्याचा कारभार एका बोटभर रिमोटच्या हाती गेला, आणि तो रिमोट कोणाच्याच हाती लागत नाही, ही खरी आपत्ती. माझ्या आतेभावाच्या कोथरुडच्या घरी आत्या असते. वय वर्षे ब्याऐंशी, नजर अधू, पण जुन्या घरातील रेग्युलेटर ती अंधारात, पलंगावरून न उठता, टकटक असे आकडे मोजून तीनवरून दोनवर आणीत असे. नव्या घरी पहिल्या थंडीत तिने भिंत चाचपून पाहिली.

"अरे, हा पंखा कमी कुठून करायचा?"

"आई, रिमोट आहे ना उशाशी."

"तो मघाशी दाबला रे. वादळ सुटलं."

वादळ सुटले याचे कारण असे, की रिमोटवरील सगळी बटणे एकाच आकाराची व एकाच उंचीची असून 'स्लीप' नावाच्या बटणाच्या शेजारीच 'बूस्ट' नावाचे बटण आहे. हल्ली त्या रिमोटला परकराची जुनी नाडी बांधून तो खिडकीच्या गजाला अडकविलेला असतो, आणि 'बूस्ट'वर आत्याने औषधाच्या पाकिटातील चिकटपट्टीचा एक जाड तुकडा डकविला आहे, म्हणजे बोटाला खरखरीत लागले की दाबावयाचे नाही. अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये रोजच्या वापरातील वस्तूंच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ जगभरच्या आकल्पन-विद्यालयांत आदराने वाचला जातो. आपल्याला कसे वापरावयाचे हे वस्तूने स्वतः सांगितले पाहिजे, हे त्यातील प्रमुख प्रतिपादन. ते प्रमाणपत्रासह पढलेल्या मंडळींनी रिमोट बनविला, आणि न पढलेल्या आत्याने तो दुरुस्त केला.

खालसा झालेल्या वतनांच्या फेरबहालीचे वारे मात्र आता वाहू लागले आहे. मोटारींची सुरक्षितता जोखणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने असे ठरविले, की २०२६ पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि आणीबाणीची हाक या पाच गोष्टींना स्वतंत्र व हाताला लागणारी साधने नसतील तर गुण कापले जातील. फोक्सवॅगनचे आकल्पनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी २०२५ मध्ये, महत्त्वाच्या कामांची बटणे यापुढे आपल्या प्रत्येक गाडीत असतील अशी जाहीर ग्वाही दिली. दारात गडप होणाऱ्या आणि अपघातात वीज गेली की बाहेर येण्याचे नाकारणाऱ्या मुठींना आळा घालण्यासाठी चीनने १ जानेवारी २०२७ पासून नियम लागू करण्याचे ठरविले आहे. ॲपलने २०१६ मध्ये आपल्या मॅकबुक प्रोवरून 'एस्केप'ची कळ उचलून तिच्या जागी उजळणारी पट्टी बसविली होती. ती कळ २०१९ मध्ये निमूटपणे स्वस्थानी परतली. त्याच घराण्याने २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या फोनांचे पडदे 'लिक्विड ग्लास' नामक पारदर्शक काचेने मढविले, लोकांना काचेमागचे दिसू लागले व काचेवरचे दिसेनासे झाले, आणि दोन महिन्यांच्या आत ती काच थोडी गढूळ करून घेण्याची मुभा द्यावी लागली. पण तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

फेरबहाली होते, परंतु जुन्या दराने नव्हे, हे मला तपकीर गल्लीत समजले. आत्याच्या पंख्याला भिंतीवरून चालविण्याची काही सोय होते का, याचा तपास करीत मी तेथील विजेच्या सामानाच्या एका दुकानात शिरलो. गल्ल्यावरच्या तरुणाने माझे म्हणणे पुरते ऐकूनही न घेता वरच्या फळीवरून एक चकचकीत खोका काढला. त्यात पांढरी शुभ्र चौकट होती, चौकटीत एक गोल फिरकी होती, फिरकीभोवती एक ते पाच असे आकडे कोरलेले होते, आणि ती फिरविली असता टक्, टक् असा स्पष्ट आवाज येत होता.

"आणि याची किंमत?" मी विचारले.

त्याने सांगितली. जवळजवळ तेवढ्यात पूर्वी पंखा येत असे, असे मी म्हणालो.

"काका, पंखा येत असेल," तो फिरकी पुन्हा एकदा माझ्या कानाशी फिरवीत म्हणाला, "पण हा आवाज ऐका ना. हे प्रीमियम आहे."